गवत कापणाऱ्यांसाठी सूचना

संक्रांत झाली की माझं नाक कामाला लागतं. धायरीत आमच्या इमारतीमागे टेकडी आहे आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीतून तिचा पूर्वेकडचा सगळा उतार दिसतो. तेव्हापासून पाऊस येईपर्यंत मी त्या गॅलरीत दिवसातून किती वेळा जाते ते मी मोजलेलं नाही. नवऱ्याने मोजलेलं असावं, कारण एकदा चहा गाळता गाळता तो म्हणाला, "टेकडी कुठे जात नाही गं. कालही तिथेच होती." धुराचा वास आला की माझ्या हातातलं काम थांबतं. मग तो कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीचा असो, कुणी पालापाचोळा पेटवल्याचा असो, नाहीतर खालच्या मजल्यावर फोडणी करपल्याचा. मी गॅस बंद करते, लांबचा चष्मा लावते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. टेकडी जशीच्या तशी असते. मी आत येते, आणि पाच मिनिटांनी पुन्हा जाते.

मी मुळात घाबरट नाही. ही भीती मी स्वतः ओढवून घेतलेली आहे आणि ती कशी, हे एकदा सरळ लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात आहे. तोंडी सांगायला गेले की मी त्यात काहीतरी खुसखुशीत घालते. ऐकणारे हसतात आणि मी सुटते. लिहिताना तसं सुटता येणार नाही असं वाटतं.

आम्ही नारायण पेठेतलं घर सोडून इथे राहायला आलो तेव्हा ही टेकडी उघडीबोडकी होती. माती वाहून गेलेली, जागोजागी मुरूम वर आलेला, आणि पायथ्याशी बांधकामांचा राडारोडा. सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा सात-आठ जणांचा गट जमला. आधी आम्ही राडारोडा हलवला. मग पावसाचं पाणी जिरावं म्हणून उताराला आडवे चर खणले, त्यांनी उताराचे तीन टप्पे झाले. पहिल्या वर्षी हौसेने गुलमोहर लावले, ते सगळे मेले. मग शहाणे होऊन करंज, बहावा, आपटा, पळस असं इथलंच काहीबाही लावलं. उन्हाळ्यात प्रत्येकाने पाच लिटरचा कॅन घेऊन वर चढायचं आणि आपापल्या रोपांना पाणी घालायचं. चार-पाच वर्षांत काही रोपं माझ्या खांद्याला लागली. त्यांच्यामुळे माती थांबली, मातीमुळे गवत आलं आणि गवतात तितर ओरडायला लागले. तितराचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चक्क रडले होते.

खणण्याच्या कामात माझा काही उपयोग नव्हता. कुदळ दोनदा मारली की तिसऱ्यांदा मी सल्ला द्यायचे. म्हणून सर्वानुमते माझ्याकडे जनजागृती सोपवण्यात आली. मी उभा जन्म एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेला. शब्द कुठे ठेवला की समोरच्याला टोचतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. शिवाय वाढलेली पेठेत. आमच्या दारावर वडिलांनी लिहिलेली पाटी होती: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, जेवत आहोत.' हा वारसा टेकडीवर न्यायचा मी ठरवलं.

कसबा पेठेतल्या एका रंगाऱ्याकडून पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या, काळ्यावर पिवळी अक्षरं. मजकूर माझा. 'येथे कचरा टाकावयाचा असल्यास सोबत आपला पत्ता ठेवावा, घरपोच परत करू.' 'झाडावर नाव कोरून प्रेम टिकत नाही. झाडही टिकत नाही.' 'रोपाला पाणी घालण्याची इच्छा झाल्यास ती दाबून ठेवू नये.' लोक या पाट्यांचे फोटो काढायचे. ते फिरत फिरत अमेरिकेतल्या भाच्याकडून मलाच परत यायचे. कचरा खरोखर कमी झाला. मला आकाश ठेंगणं झालं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

दसरा झाला की जुन्या धायरी गावातल्या चार बायका टेकडीवर गवत कापायला यायच्या. त्यांतली एक त्यांच्या पुढे असायची. सावळी, उंच, माझ्याच वयाची असेल. माझ्याच वयाच्या बाईला 'मावशी' म्हणायची आम्हा पेठेतल्यांची रीत आहे, त्या रीतीप्रमाणे मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या दोन म्हशी होत्या. दिवाळीनंतर महिनाभर ती रोज येऊन उतार साफ करत न्यायची आणि डोक्यावर भारा घेऊन उतरायची. आम्ही झाडं लावायच्या आधीही ती यायची. तिची सासूही यायची असं ती एकदा म्हणाली होती. मला ते ऐकून 'वा' म्हणायचं सुचलं, त्याहून जास्त काही सुचलं नाही.

एका सकाळी माझ्या वाट्याच्या करंजाचं रोप मला जमिनीपासून चार बोटांवर कापलेलं दिसलं. तीन उन्हाळे मी त्याला पाणी घातलं होतं. गवताबरोबर विळ्याखाली गेलं होतं, उघडच होतं. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी आंघोळीच्याही आधी मजकूर लिहिला आणि दुपारी रंगाऱ्याला फोन केला. गटात कुणाला विचारलं नाही.

'गवत कापणाऱ्यांनी प्रथम गवत व रोप यांतील फरक शिकून यावे. तोपर्यंत विळ्यासह प्रवेश बंद.'

टेकडी काही माझ्या वडिलांची नव्हती. कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारी मी कोण? पण पत्र्यावर पिवळ्या रंगात लिहिलं की कुठलाही मजकूर सरकारी वाटतो. पाटी लागली आणि गटातले सगळे खूश झाले. एकाने तर टाळी दिली.

चौथ्या दिवशी मावशी पाटीपाशीच उभी होती. बाकीच्या तिघी मागे थांबल्या होत्या.

"हे आमच्यासाठनं लिवलंय नव्हं?" तिने विचारलं.

"गवत कापणाऱ्यांसाठी लिहिलंय मावशी."

"मला वाचता येतंय, बाई. सातवीपत्तुर शाळा झालीया." तिने विळा कमरेला खोचला. "एक रोप गेलं आसंल. नजरचुकीनं व्हतं. पर गवत असं उभं ठिवू नगा. वाळलं की पेटंल समदं. मंग तुमची झाडं बी ऱ्हायाची न्हाईत."

तिने ते धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. स्वयंपाकघरात दूध उतू जाताना कुणी सांगावं तसं म्हटलं होतं. पण मी रागात होते, आणि रागात मला वाक्यं फार छान सुचतात.

"पेटवणारं कुणी नसेल तर नाही पेटणार," मी म्हणाले, "आणि कुणी असेलच, तर ते कोण, हे आम्हाला आता कळलं."

ती वळली आणि खाली गेली. तिघी तिच्यामागे गेल्या. मी घरी आल्यावर हा संवाद नवऱ्याला रंगवून सांगितला. तो हसला नाही. "तू तिला आग लावणारी म्हणालीस?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हणाले, तसं नाही रे. पण तसंच होतं.

त्या वर्षी गवत कुणी कापलं नाही. दिवाळीनंतर ते कमरेइतकं झालं, मग पिवळं पडलं. सकाळच्या उन्हात सगळा उतार सोन्यासारखा दिसायचा. आमच्या गटाने त्याचे फोटो टाकले, खाली शेकड्यांनी अंगठे आले, 'निसर्गाला मोकळं सोडलं की बघा' वगैरे. ती नवी पाटी गवतात बुडून गेली होती. मीही तिला विसरून गेले होते.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा वर चढताना मी सहज गवतात हात घातला. मूठभर गवत कडकड वाजलं. मी तिथेच थांबले. उतारावर खालपासून वरपर्यंत तेच होतं, मध्ये कुठेही खंड नव्हता, आणि आमची रोपं त्यात गळ्यापर्यंत उभी होती. तिचं वाक्य मला तेव्हा, तीन महिन्यांनी, ऐकू आलं. त्या दिवसापासून मी गॅलरीत जायला लागले.

गटाला सांगितलं. मध्ये गवत कापून रिकामा पट्टा काढायचा, म्हणजे आग आली तरी तिथे थांबेल, असं ठरलं. रविवारी नऊ जण आले. कुणाकडे कुंड्यांची कात्री, कुणाकडे दुकानातून आणलेला कोरा विळा. अर्ध्या तासात एकाने स्वतःच्या नडगीवर विळा मारून घेतला. दहाला ऊन चढलं तेव्हा आमचा पट्टा दोन सतरंज्यांएवढा झाला होता. पुढच्या रविवारी चौघे आले. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाकडे तरी साखरपुडा होता.

तिला बोलवायला हवं, हे मला कळत होतं. एका संध्याकाळी मी गावात तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिच्या गोठ्याचा कोपरा तिथून दिसत होता. काय म्हणायचं याची मी मनात तीनदा जुळणी केली, तिन्ही वेळा वाक्य माझीच बाजू घ्यायला लागलं. शेवटी पालकाची जुडी घेऊन परत आले. नवऱ्याने विचारलं, "एवढ्या लांबून पालक?" मी पालक निवडायला घेतला.

होळीला आम्ही आळीपाळीने टेकडीवर पहारा दिला आणि काही झालं नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी खूप दिवसांनी दुपारी झोपले. मला वाटलं, आपण निभावलं.

त्यानंतर दोन-तीन आठवडे गेले असतील. दुपारचे अडीच. मी गॅलरीत कुरडया पालथ्या घालत होते. मान वर केली तर उताराच्या खालच्या टोकाला धुराची एक बारीक रेघ होती. मी चष्मा बदलला. बदलेपर्यंत त्या रेघेचा लोट झाला होता. आग कशी लागली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. कुणी विडी टाकली असेल, काच असेल, पायथ्याचा कचरा पेटवलेला असेल. मी या सगळ्या शक्यता मनात इतक्या वेळा फिरवल्या आहेत की आता त्या मला पाठ झाल्या आहेत.

अग्निशमन दलाला फोन केला. ते लगेच निघाले, पण त्यांची गाडी पायथ्यापर्यंतच येऊ शकत होती, वर रस्ताच नाही. गटातले सगळे कचेऱ्यांत. मी भिजवलेली चादर घेऊन चपलांवरच वर पळाले. आगीला एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. गवत पेटताना दिसतच नाही, नुसतं नाहीसं होतं. माझ्यासमोर एक आपटा, मग त्याच्या मागचे दोन बहावे, प्रत्येक रोप एक क्षण उभं राहायचं आणि मग नसायचं. मी चादर आपटत होते. कशावर आपटत होते, देव जाणे. मी मोठ्याने काहीतरी ओरडत होते असं नंतर एका शेजारणीने सांगितलं.

बाजूच्या पायवाटेने त्या चौघी वर आल्या. हातात विळे, खांद्यावर ओली गोणपाटं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आग आणि वरचा टप्पा यांच्यामध्ये, आगीपासून बरंच अंतर राखून, त्या ओळीने खाली बसल्या आणि कापायला लागल्या. चार विळ्यांचा एकच करकर आवाज आणि मागे उघडी पडत जाणारी जमीन. आमच्या गटाने सगळ्या रविवारी मिळून जे केलं नव्हतं, ते त्यांनी बघता बघता केलं. कापलेलं गवत त्या मिठीत घेऊन वर फेकत होत्या. आग त्या पट्ट्याशी आली, बुटकी झाली, एका ठिकाणी पलीकडे उडाली, तिथे त्यांनी गोणपाटाने तिला झोडपली. आणि मग ती विझली. वरचा टप्पा वाचला. खालचे दोन टप्पे गेले होते. जगलेल्यांतली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी झालेली रोपं तिथेच होती.

ती पट्ट्यावर बसून दम खात होती. मी तिच्यापाशी गेले.

"पाय भाजलाय तुमचा," ती म्हणाली. "घरी जावा. मीठ लावू नगा, गार पानी घाला."

पाटी पत्र्याची होती, त्यामुळे तिला काही झालं नाही. दिवाळीपासून गवतात दडलेली ती पाटी आता काळ्याठिक्कर उतारावर एकटी उभी होती. रंग थोडा फुगला होता, पण अक्षरं स्वच्छ होती. लांबचा चष्मा लावला की आमच्या गॅलरीतून वाचता यायची. 'तोपर्यंत विळ्यासह प्रवेश बंद.' माझा पाय बरा व्हायला वेळ लागला आणि गटातल्या दुसऱ्या कुणाला ती काढायला सांगायची मला लाज वाटत होती. आठवडा गेला. एका सकाळी नवरा चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होता. बराच वेळ बघून म्हणाला, "अक्षर छान आलंय." त्याच दिवशी लंगडत वर जाऊन मी ती पक्कडीने उपटून काढली.

पावसाळा झाला. जळलेल्या बुंध्यांपैकी काहींना खालून फुटवे आले, सगळ्यांना नाही. गवत मात्र राखेवर आधीपेक्षा दाट आलं. ते वाढताना पाहून लोक म्हणायचे, बघा, निसर्ग कसा सावरतो. मला ते वीत-वीत वाढताना दिसत होतं आणि झोप लागत नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. या वेळी वाक्यं जुळवली नव्हती.

ती गोठ्यात शेण काढत होती. मी म्हणाले, "मावशी, मी चुकले. त्या दिवशी जे बोलले ते फार वाईट बोलले. पाटी काढली आहे. तुम्ही या वर्षी गवत कापायला या. माझ्यासाठी नका येऊ, पण या."

तिने पाटी बाजूला ठेवली. शेणाची पाटी, घमेल्यासारखी. "बसा की," ती म्हणाली. "च्या घेता का?"

मी बसले. तेव्हा मला दिसलं की गोठ्यात दोन खुंटे होते आणि म्हैस एकच होती. दुसऱ्या खुंट्याशी सायकल टेकवलेली होती.

"दुसरी कुठे गेली?"

"इकली."

"कधी?"

"संक्रांतीच्या टायमाला. चारा न्हाई म्हनल्यावर काय करनार? उपाशी बांधायची का?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झेपला असता, टोमण्यांत माझं आयुष्य गेलं आहे. मी खाली बघून चहा प्यायले. आपण झाडं वाचवत होतो तेव्हा इथे काय चाललं होतं, हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर ती आली, एकटीच; बाकीच्या तिघींनी वर्षभरात दुसरीकडचा चारा लावून घेतला होता. मीही विळा घेऊन गेले. मूठ कशी धरायची, विळा स्वतःकडे कसा ओढायचा, बसल्या बसल्या पुढे कसं सरकायचं, हे तिने मला दाखवलं. कुसळं साडीला टोचत होती, गुडघे भरून आले होते. तासाभराने मला जरा लय सापडली असं वाटलं. मी जोरात विळा ओढला आणि मूठ उचलली. मुठीत गवताबरोबर आपट्याचा फुटवा होता. जळलेल्या बुंध्यातून पावसाळ्यात आलेला, जोडपानं हिरवीगार.

तिने माझ्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हतं असं," ती म्हणाली. "मुळी हाय खाली. फुटंल परत."

आणि ती पुढे कापायला लागली. मी तो फुटवा खाली ठेवला. कितीतरी वेळ मला विळा उचलवेना.

ऊन चढलं तशी ती उठली. कापलेलं गवत गोळा केलं, दोरी घातली, गुडघा देऊन भारा आवळला. मी मागे पाहिलं. आम्ही साफ केलेला तुकडा आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा असेल. खाली उजवीकडे, डावीकडे, गॅलरीपर्यंत सगळं गवत तसंच उभं होतं.

"उद्या इथूनच पुढे ना?" मी विचारलं.

"उद्या न्हाई. आता चार दिसांनी यीन."

"पण मावशी, पूर्वी रोज यायचात. महिनाभर."

तिने भारा डोक्यावर चढवायला मला हात लावायला सांगितलं. मी लावला. तो वाटला त्याहून हलका होता.

"तवा दोन व्हत्या, बाई," ती म्हणाली. "एकीला किती लागतंय?"

ती पायवाटेने उतरून गेली. मी विळा हातात धरून तिथेच उभी राहिले. संक्रांतीला अडीच महिने उरले होते.